छपरावरची शिल्लक कोणाची?

शिल्लक हा शब्द बायकांना नवा नाही. महिन्याच्या खर्चातून चार पैसे बाजूला काढणे, उरलेल्या भाकरीचा कुस्करा करणे, जुन्या लुगड्याची गोधडी शिवणे हे सगळे शिल्लक सांभाळण्याचेच काम. ते बायकांनी केले, पण त्या शिलकीवर त्यांचा हक्क असतो असे कोणी मानले नाही. आता घराच्या छपरावर एक नवीन शिल्लक तयार होऊ लागली आहे. सौर पॅनेलमधून घराच्या गरजेपेक्षा जास्त तयार होणारी वीज, ही ती शिल्लक. तिचा चांगल्यात चांगला उपयोग कसा करावा यावर इंजिनियर बोलतात, विक्रेते बोलतात, बँकेचे अधिकारीही बोलतात. ती शिल्लक कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न आपण विचारायला हवा, म्हणून हे लिहीत आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायची आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्च करायचे, असे ठरले. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी वेगळी जादा मदत जाहीर केली. एक किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, मार्च ते मेमध्ये जास्त. तीन किलोवॅट बसवले तर महिन्याला ३६० युनिट. घराचा वापर १५० युनिट असेल तर दोनशेच्या वर युनिट उरतात.

ही उरलेली वीज घरात साठत नाही. ती तारेतून वीज कंपनीकडे जाते. नेट मीटर दोन्ही बाजूंची मोजणी करतो, किती घेतली आणि किती दिली. जास्त दिली असेल तर ती युनिटे पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा राहतात. रात्री दिवा लावला, पहाटे पंप चालवला, तर तो वापर या जमेतून वजा होतो. म्हणजे वीज कंपनी आपली कोठी झाली. पण ही कोठी वर्षातून एकदा रिकामी केली जाते. आर्थिक वर्ष संपले, ३१ मार्च उलटला, की उरलेली युनिटे पुढे जात नाहीत. वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी ती विकत घेते. हा दर आपण विजेसाठी जो दर भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय शिल्लक कितीही असली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. 'बिल शून्य' ही जाहिरात ऐकताना हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वीज कंपनीच्या तारेशी जोडलेली असते आणि तारेतील वीज गेली की तीही बंद होते. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनात घर उजळेल म्हणून कर्ज काढणाऱ्या बाईला हे आधी सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. तो सांगत नसेल तर आपल्या गटाने सांगावे.

मीटर कोणाच्या नावावर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्ज करायचा तर काय लागते? स्वतःचे छप्पर, स्वतःच्या नावावरचे वीजबिल आणि स्वतःचे बँक खाते. शिलकीची युनिटे बिलावर जमा होतात, बिल मीटरधारकाच्या नावे येते आणि अनुदान अर्जदाराच्या खात्यात जाते. मीटर सासऱ्यांच्या नावे, घर नवऱ्याच्या नावे, मग त्या घरात चाळीस वर्षे राबलेल्या बाईची या शिलकीत जागा कुठे? अनेक घरांत मीटर अजून वारलेल्या आजेसासऱ्याच्या नावावर असतो. विधवा सून दर महिन्याला बिल भरते, पण कागदावर ती कोणीच नाही. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी एका खोलीत राहते. छप्पर भावाचे, मीटर वडिलांचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगार बाईला तर छप्परच नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या चळवळीला अनोळखी नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन चांदवडला १९८६ मध्ये झाले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमातून गावोगाव बायकांच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला गेला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. देशभर ती गोष्ट व्हायला २००५ साल उजाडले. त्याच १९९४ मध्ये राज्याचे महिला धोरण आले. जमिनीचा सातबारा, घराचा उतारा, रेशनकार्ड यांवर नाव लावण्यासाठी आपण भांडलो. वीजमीटर मात्र त्या यादीत कधी आला नाही, कारण मीटर म्हणजे फक्त बिलाचा भुर्दंड होता. आता मीटर उत्पन्नाचे साधन होत आहे, आणि ज्या वस्तूतून उत्पन्न येते तिच्यावर कोणाचे नाव चढते ते आपण आजवर पाहिले आहे.

म्हणून पॅनेल बसवण्याआधी मीटरवर नाव लावून घ्या, असे आपल्या गटांनी ठामपणे सांगायला हवे. वारसाच्या नावे मीटर करण्याची पद्धत वीज कंपनीकडे आहे. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि इतर वारसांची संमती जोडून अर्ज करावा लागतो. आवास योजनेतून मिळालेली घरे बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावीत असा नियम आहे. त्या घरांवर पॅनेल बसताना मीटर कोणाच्या नावावर आहे ते ग्रामसभेत तपासता येईल. भाडेकरू किंवा नुसती राहणारी बाई असली तरी विजेचा हक्क संपत नाही. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ४३ मध्ये जागेच्या मालकाइतकाच जागेत राहणाऱ्या व्यक्तीलाही वीजपुरवठा मागण्याचा हक्क दिलेला आहे. भांडणात वीज तोडून बाईला घराबाहेर काढण्याचा मार्ग अनेकींनी सोसला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली सामायिक घराचा आणि तिथल्या सोयींचा वापर तोडणे हा आर्थिक छळ ठरू शकतो, हेही माहीत असू द्यावे.

कर्जाचेही तेच. तीन किलोवॅटचा खर्च साधारण दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. अनुदान वजा जाता उरलेल्या रकमेसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. हप्ता भरण्यासाठी बाईची बचत, गटातले अंतर्गत कर्ज किंवा मंगळसूत्र पुढे येते, आणि यंत्रणा मात्र दुसऱ्याच्या नावे लागते. हप्त्यात बाईचा पैसा असेल तर मीटरवर बाईचे नाव, एवढी साधी अट बचत गटाने आपल्या कर्जाला घालावी. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

शिलकीचा पहिला हक्क स्वयंपाकघराचा

शिल्लक वीज विकून किती मिळतात, याची चर्चा पुरुष मंडळी आवडीने करतात. हिशेब करून पाहू. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जेवढा उपयोगी पडतो, तेवढाच स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर करायला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. समजा, वर्षअखेरीला कंपनी युनिटला तीन रुपये देते. मग १४० युनिटांचे ४२० रुपये झाले. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर साडेआठशे रुपयांवर गेला होता. म्हणजे जी वीज विकून ४२० रुपये मिळतात, तीच चुलीकडे वळवली तर त्याच्या दुप्पट रकमेचा गॅस वाचतो. शिल्लक जास्तीत जास्त सार्थकी लावायची असेल तर ती विकू नये, शिजवावी. खेड्यात जिथे अजून लाकूडफाटा जळतो तिथे तर हिशेब रुपयांचा राहतच नाही. तिथे धूर, खोकला आणि मोळीसाठीची पायपीट वाचते.

मग बहुतेक घरांत हे का होत नाही? एक कारण असे की पॅनेल बसवण्याचा निर्णय गच्चीवर होतो आणि स्वयंपाकाचा प्रश्न खाली राहतो. पॅनेलला दोन लाख काढणारे घर दोन-तीन हजारांच्या शेगडीला आणि नव्या भांड्यांना 'आता कशाला' म्हणते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची पातेली चालत नाहीत, तांब्याची चालत नाहीत. सपाट बुडाची, लोखंड धरणारी भांडी लागतात. भाकरी तव्यावर होते, पण आरावर फुगवता येत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना 'बायकांचा जुनाटपणा' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एक दिवस वीस भाकऱ्या इंडक्शनवर करून दाखवाव्यात. आमचे म्हणणे एवढेच की भाकरी गॅसवर राहू द्या. भात, डाळ, चहा, दूध, अंघोळीचे पाणी विजेवर घ्या. सरकारने पॅनेलच्या अनुदानासोबत शेगडी आणि दोन भांड्यांचाही विचार करावा. छपरासाठी ७८,००० रुपये निघत असतील तर चुलीसाठी थोडे निघायला हरकत नसावी.

मार्च महिन्याची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. थंडीत पंखे बंद असतात आणि आकाश निरभ्र असते, त्यामुळे नोव्हेंबरपासून शिल्लक वाढत जाते. ऐन उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये पंखे-कूलर सुरू होण्याच्या तोंडावर ३१ मार्चला खाते कोरे होते. उन्हाळ्यासाठी साठवलेले धान्य उन्हाळा लागायच्या आदल्या दिवशी स्वस्तात विकायला लावावे तसा हा प्रकार आहे. खाते बंद करण्याची तारीख पावसाळ्यानंतर न्यावी, अशी मागणी आयोगाच्या जनसुनावणीत महिला संघटनांनी करायला हवी. दर ठरवताना आयोग हरकती मागवतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी जातात, ग्राहक संघटना जातात, आपण जात नाही. तोवर निदान फेब्रुवारी-मार्चमध्ये जमा युनिटे किती आहेत ते बिलावर वाचावे आणि वापरून टाकावीत. पापड-कुरडयांचा, दळणा-वाटणाचा हंगाम तोच असतो.

दुपारी काम करा, पण कोणी?

सौरविजेच्या प्रत्येक पत्रकात एक सल्ला हमखास असतो: ऊन असताना वीज वापरा. धुण्याचे यंत्र, पंप, इस्त्री, मिक्सर सगळे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमध्ये उरका. नेट मीटरची सध्याची साधी पद्धत असेल तर दिवसाची वीज रात्रीही वळती होते, त्यामुळे हा आटापिटा फारसा लागत नाही. पण वारे बदलत आहे. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून शेती सोडून सर्वांना वेळेनुसार वेगळा दर लावण्याचे ठरवले. उन्हाच्या वेळी स्वस्त, संध्याकाळी महाग. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. जाळ्यावरचा भार हलका व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे.

पण घरकाम दुपारी हलवा, असे सांगताना ते कोण हलवणार हे गृहीत धरलेले असते. सरकारच्याच वेळवापर पाहणीनुसार २०२४ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज २८९ मिनिटे जात होती, पुरुषाची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाची नऊ. आता या पावणेपाच तासांना सूर्याचे वेळापत्रक लागणार. जी बाई धुण्याभांड्याला चार घरी जाते, शेतात खुरपते, कारखान्यात पाळी करते, ती दुपारी घरात नसते. तिचा स्वयंपाक पहाटे आणि रात्री होतो, म्हणजे नेमका महाग वेळेत. घरी असलेल्या बाईची जी एक दुपारची तासभर विश्रांती होती तीही यंत्राचे बटण दाबण्यात जाईल. पॅनेलवरची धूळ दर पंधरवड्याला धुवावी लागते. तेही काम कोणाच्या वाट्याला येते ते सांगायला नको.

म्हणून शिलकीचे नियोजन करताना घरातल्या कामाचीही वाटणी व्हावी. वेळ लावता येणारी यंत्रे आहेत, ती लावायला पुरुषांना आणि मुलांना शिकवता येते. पॅनेल धुणे हे गच्चीवर चढून करायचे काम आहे, ते घरातल्या पुरुषाने करावे. आणि दर ठरवणाऱ्यांनी पहाटेच्या व संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला महाग ठरवताना आधी विचार करावा की त्या वेळी चुलीपुढे कोण उभे असते.

ज्या घरी बसून कमावतात त्यांच्यासाठी मात्र ही दुपारची वीज मोलाची आहे. शिलाई मशीन, घरघंटी, मसाल्याचे यंत्र, पापडाचे यंत्र, सगळे दिवसा चालते. घरातल्या एका भागात छोटा उद्योग केला आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत राहिला, तर घरगुती दरच लागू राहतो, अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशांत आली आहे. ती माहीत नसल्याने अनेकींना व्यापारी दराची भीती दाखवली जाते. शिल्लक विकण्यापेक्षा ती बाईच्या धंद्याला लावणे हा तिचा सर्वात चांगला उपयोग आहे, अर्थात धंद्याची कमाई तिच्या हातात राहणार असेल तर.

ज्यांना छप्पर नाही त्यांचे काय?

काही मैत्रिणी विचारतील, बलात्कार, हुंडा, रेशन, रोजगार हे प्रश्न असताना आपण पॅनेलवर का बोलावे? हा तर गच्ची असलेल्यांचा विषय. त्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. अनुदान सार्वजनिक पैशातून जाते आणि ते सर्वात आधी स्वतःच्या बंगल्याच्या गच्चीपर्यंत पोचते. जास्त वीज वापरणारी, जास्त दर भरणारी घरे जाळ्यापासून सुटत गेली तर तारा-खांबांचा खर्च उरलेल्यांवर, म्हणजे चाळीतल्या आणि झोपडीतल्या घरांवर पडू शकतो. म्हणूनच हा विषय गच्चीवाल्यांवर सोडून चालणार नाही.

वाट आहे. दिल्लीत २०१९ पासून अशी पद्धत मान्य आहे की पॅनेल एका जागी आणि त्याची युनिटे अनेक घरांच्या बिलांत वाटली जातात. अंगणवाडी, समाजमंदिर, बचत गटाचे कार्यालय, नगरपालिकेची शाळा यांच्या छपरावर गटाचे पॅनेल आणि त्याची युनिटे भाडेकरू, एकट्या, परित्यक्ता बायकांच्या बिलात, ही मागणी आपण करू शकतो. सामूहिक मालकी चालत नाही असे कोणी म्हणाले तर उदाहरणे आहेत. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि पंप बंद असताना तयार होणारी वीज कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकली. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या बायकांनी 'सेवा' संघटनेच्या मदतीने डिझेलचे पंप टाकून सौरपंप घेतले. राजस्थानातील डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या साथीने स्वतःच्या कंपनीत सौर पॅनेल बनवायला घेतली. बायकांना यातले तंत्र जमत नाही, ही समजूत त्यांनी केव्हाच मोडली आहे.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत एवढे करावे. सदस्यांची वीजबिले एकत्र मांडून कोणाच्या नावावर कोण आहे त्याची यादी करावी. नाव बदलायचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र जाऊन द्यावेत. एकटीला परत पाठवणारा कारकून पन्नासजणींना परत पाठवत नाही. ज्यांच्याकडे पॅनेल आहे त्यांनी बिलावरची जमा युनिटे वाचायला इतरींना शिकवावे. गटाच्या कर्जाला मीटरवरच्या नावाची अट घालावी. आणि वर्षअखेरची तारीख, चुलीसाठी अनुदान आणि सामूहिक पॅनेल या तीन मागण्यांचे निवेदन वीज नियामक आयोगाकडे पाठवावे.

ऊन कोणाच्या नावावर नसते. त्यातून निघालेली वीज मात्र मीटरवर ज्याचे नाव असेल त्याची होते. नावे आत्ता, पॅनेल बसत असतानाच लागत आहेत. जमिनीच्या बाबतीत सगळे वाटून झाल्यावर आपल्याला भांडावे लागले. या वेळी वाटणीच्या आधीच तिथे हजर राहू.